एकच बाटली सगळ्यांच्या डोळ्यांत घालू नका

प्रश्न: मॅडम नमस्कार, आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो, शेती आहे. मुलगा 9 वर्षांचा, चौथीत आहे. सोमवारपासून त्याचे डोळे आलेत, आधी एक आला मग दुसरा, लालभडक झालेत, पापण्या सुजून सकाळी डोळे उघडतच नाहीत, शाळेतून घरी पाठवलं. दिरांनी मेडिकलमधून ड्रॉप्स आणून दिले, गेल्या वर्षी त्यांना एका दिवसात फरक पडला होता म्हणून. मुलाची लाली बरीच उतरली पण आता उजेड सहन होत नाही म्हणतो. परवापासून मिस्टरांचाही उजवा डोळा लाल झालाय. त्यांना शनिवारी उसाचा पाला काढताना पात लागली होती, पण ते म्हणतात साथच आहे, म्हणून तेच ड्रॉप्स त्यांनाही सुरू केलेत. मला वरच्या पापणीला गाठ आलीय, ठणकते. सासूबाईंचे डोळे तर रोजच सकाळी सुजलेले असतात, त्या म्हणतात मध घाला. एकच औषध सगळ्यांना चालेल का आणि किती दिवस घालायचं?

उत्तर:

ताई, तुमचा मेल काल रात्री वाचला आणि तेव्हाच उलट दोन ओळी पाठवल्या, त्या मिळाल्या असतील अशी आशा करते. त्याच इथे परत लिहिते कारण हे वाचणाऱ्या अजून कुणाच्या घरात अगदी हेच चाललेलं असू शकतं. मिस्टरांच्या डोळ्यात त्या बाटलीतला पुढचा थेंब घालू नका आणि त्यांना आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पाला काढायचा राहिलाय, मजूर मिळत नाहीत, सगळं खरंय, तरी आजच जा. जवळ डोळ्यांचा दवाखाना नसेल तर ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, ते बघून पुढे कुठे जायचं ते सांगतील, नाहीतर सरळ साताऱ्याचं सिव्हिल गाठा. जाताना ती बाटली बरोबर घ्या आणि मुलालाही घेऊन जा.

तुम्ही मुलाबद्दल भरभरून लिहिलंय आणि उसाच्या पातीबद्दल एकच ओळ, ती पण जाता जाता. मी 31 वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत ज्यांची नजर गेली त्यातले कितीतरी जण असेच होते, दहा मिनिटं बोलून झाल्यावर दारातून वळून म्हणायचे, "हां मॅडम, कणीस लागलं होतं बरं का मागच्या आठवड्यात." म्हणून सांगते, डोळा लाल व्हायच्या आधी त्याला काही लागलं असेल, मग ती पात असो, कुसळ असो, भाताचा तूस असो की वेल्डिंगची ठिणगी, तर ते सगळ्यात आधी सांगायचं.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे ते सांगते. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. पात घासली की त्याच्यावर ओरखडा पडतो. ओरखडा स्वच्छ असला तर एक-दोन दिवसांत भरूनही येतो, पण शेतातला पाला, माती, कुजकं गवत यांच्यावर बुरशी असते आणि ती त्या ओरखड्यातून आत शिरली की तिथे व्रण तयार होतो. बुरशीचं काम सावकाश चालतं, पहिले चार-पाच दिवस नुसती लाली, पाणी, खुपल्यासारखं वाटणं एवढंच असतं, त्यामुळे माणसाला वाटतं साथ आहे, जाईल आपोआप. तुमच्या मिस्टरांना शनिवारी लागलं, लाली दोन-तीन दिवसांनी आली आणि एकाच डोळ्याला आली, हे सगळं अगदी तसंच जुळतंय. नसेल तसं, साधी साथ निघाली तर मला आनंदच आहे, पण ते बघूनच ठरवायचं, घरी बसून नाही. खिडकीपाशी उभं करून बुबुळावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसतो का बघा, दिसला तर एक मिनिट घालवू नका, आणि नाही दिसला तरी जाच, कारण सुरुवातीचा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि आता ती बाटली. तिच्यावर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाहीत, पण एका दिवसात लाली उतरते म्हटल्यावर मला स्टेरॉइडचा दाट संशय येतो. लेबलवरची बारीक अक्षरं मोबाईलने फोटो काढून मोठी करून वाचा. नावाच्या शेवटी सोन किंवा लोन येत असेल, किंवा नावात कुठेही प्रेड असेल तर ते स्टेरॉइड आहे असं धरा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्ल्युओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही नावं नेहमी दिसतात, आणि बऱ्याचदा ती अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत मिसळलेली असतात त्यामुळे लोकांना वाटतं हे साधं अँटिबायोटिकच आहे. ही चिठ्ठीशिवाय द्यायची औषधं नाहीत, तरी सर्रास दिली जातात.

लाली आणि सूज म्हणजे शरीर जंतूंशी भांडतंय त्याची खूण असते. स्टेरॉइड ते भांडण थांबवतं. डोळा दिसायला पांढरा होतो, दुखायचं कमी होतं, घरचे म्हणतात काय गुण आला बघा, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. माझ्या सख्ख्या आत्याचं असंच झालं. ज्वारी मळताना कुसळ गेलं, गावातल्या मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, तिसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र, ती परत कामाला लागली. बाराव्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा बुबुळावर मसुराच्या डाळीएवढा पांढरा डाग होता, कडा पिंजलेल्या कापसासारख्या, आणि खाली पू साचून आडवी पांढरी रेघ दिसत होती. तिचा डोळा वाचला पण नजर नाही वाचली, शेवटपर्यंत त्या डोळ्यात फूल राहिलं. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे का आली नाही हे मी तिला कधी विचारू शकले नाही, कारण मला उत्तर माहीत होतं, आठ मैलांवरून एका लाल डोळ्यासाठी कोण येतं.

म्हणजे स्टेरॉइड वाईटच असतं असं नाही हं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात, बुबुळाच्या आतल्या सुजेला तेच औषध आहे, आणि तुम्हाला डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर माझं वाचून बंद करू नका. पण ते देणाऱ्याने आधी डोळा मशीनवर बघितलेला असतो आणि मधे मधे डोळ्याचं प्रेशर मोजत असतो. नुसतंच महिनोन्महिने घालत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होतात, लहान मुलांनासुद्धा.

दवाखान्यात काय करतील ते सांगून ठेवते म्हणजे मिस्टर घाबरणार नाहीत. एक केशरी रंगाची कागदाची पट्टी ओली करून खालच्या पापणीला आतून टेकवतात, डोळ्यात पिवळं पाणी पसरतं, मग निळा उजेड टाकून बघतात. जिथे ओरखडा किंवा व्रण असेल तेवढीच जागा हिरवीगार चमकते. मिनिटभराचं काम आहे, दुखत नाही. व्रण असेल तर सुन्न करणारा थेंब घालून तिथलं थोडंसं खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे की बॅक्टेरिया ते बघतात, कारण दोन्हीची औषधं पूर्ण वेगळी आहेत. बुरशी असेल तर नॅटामायसिनचे थेंब देतात, सुरुवातीला दर तासाला, आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. लवकर गेलं तर बरं होतं, हे मी परत परत सांगेन. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्याच आरोग्य सेवकांना शिकवून एक काम केलं होतं, 2001 साली ते प्रसिद्ध झालं, डोळ्याला ओरखडा पडल्यावर साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा असं तीन दिवस लावलं. ज्यांना पहिल्या 18 तासांत मलम सुरू झालं त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. मलम अगदी साधं होतं, सगळा फरक वेळेत सुरू केल्याने पडला. तुमच्या मिस्टरांचे ते 18 तास गेले, पण म्हणून अजून दिवस घालवायचे का?

आता बाळाकडे येते. त्याला झालंय ती बहुतेक साथच आहे. आधी एक डोळा मग दुसरा, शाळेत आणखी मुलं आजारी, पावसाळी हवा, हे सगळं व्हायरसचं लक्षण आहे, बहुतेक वेळा अ‍ॅडिनोव्हायरस असतो. 2023 च्या जुलैमध्ये आळंदीत हजारो लोकांचे डोळे आले आणि मग ती साथ राज्यभर पसरली ते आठवत असेल. 1971 मध्ये बंगालमध्ये अशीच मोठी साथ आली, तेव्हा बांगलादेशचं युद्ध चालू होतं म्हणून लोकांनी त्या दुखण्याचं नावच जय बांगला पाडलं, आजही तिकडची म्हातारी माणसं डोळे आले की तेच म्हणतात. सांगायचं काय तर ही साथ जुनी आहे, येते आणि जाते, आणि तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरी होते. स्टेरॉइडने लाली उतरते पण व्हायरस उलट जास्त दिवस डोळ्यात मुक्काम करतो.

मग घरी काय करायचं? स्वच्छ रुमाल गार पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, त्याने सुजेला खूप आराम पडतो. सकाळी चिपडांनी पापण्या चिकटल्या की ओढून उघडू नका, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि तो बोळा टाकून द्यायचा, दुसऱ्या डोळ्याला नवीन बोळा. कृत्रिम अश्रूंचे साधे ड्रॉप्स चालतात. चिपडं घट्ट पिवळी-हिरवी, दिवसभर येत असतील तर बॅक्टेरियाचा भाग आहे, मग डॉक्टर अँटिबायोटिक देतील. त्याचा टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळा ठेवा, रोज गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. डोळे पुसले की प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, त्याचेही आणि तुमचेही. काळा गॉगल घातला की साथ पसरत नाही आणि डोळ्यात बघितलं की लागण होते हे दोन्ही खोटं आहे, साथ हातांनी पसरते, टॉवेलने पसरते, आणि ताई, एका बाटलीचं तोंड दोघांच्या पापण्यांना टेकल्याने तर हमखास पसरते. गॉगलने उजेडाचा त्रास मात्र कमी होतो, म्हणून घालू दे. पाणी वाहायचं थांबेपर्यंत शाळेत पाठवू नका.

पण लाली उतरल्यावर उजेड सहन होईना झालाय हे मला आवडलेलं नाही. साध्या साथीत कधी कधी व्हायरस बुबुळावर बारीक ठिपके पाडतो, कधी पापणीच्या आत पांढरी जाळी धरते ती डॉक्टरांना काढावी लागते, आणि कधी तो नागिणीच्या जातीतला व्हायरस असतो, त्याच्यात तर स्टेरॉइड फार वाईट. म्हणून म्हटलं त्यालाही घेऊन जा. त्याचे डोळे दर वर्षी उन्हाळ्यात खाजतात का, चोळत बसतो का तेही सांगा. खाज ही अ‍ॅलर्जीची मुख्य खूण आहे, चिपडं दोऱ्यासारखी लांब निघतात. सारखे डोळे चोळणाऱ्या मुलांच्या बुबुळाचा आकार हळूहळू टोकदार होत जातो आणि चष्म्याने भागेनासं होतं.

तुमची गाठ रांजणवाडी वाटते. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं धरायचं, दिवसातून चार वेळा, गार झालं की परत बुडवायचं. बहुतेक आठवड्याभरात फुटून निचरा होतो. दाबू नका, पिळू नका, सुई लावू नका. काजळ बंद. सारख्या सारख्या रांजणवाड्या येत असतील तर पापण्यांच्या मुळाशी कोंडा आहे का बघून घ्या आणि एकदा शुगर तपासा. दुखणं गेलं पण कडक गोळी राहिली तर महिनाभर शेकून बघा, नाही गेली तर छोटंसं काम करून काढतात.

सासूबाईंचे डोळे लाल नाहीत, दुखत नाहीत, नुसते सुजलेले असतात ना? मग हे डोळ्याचं दुखणं नसण्याचीच शक्यता जास्त. पायावर बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का बघा, लघवी आणि रक्त तपासा, किडनी, थायरॉइड आणि बीपी एवढं तरी व्हायला हवं. आणि त्यांना एक नीट समजावून सांगा, त्यांच्या वयात कधी अचानक एक डोळा लाल होऊन प्रचंड दुखायला लागला, अर्धं डोकं फुटतंय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत तर ते पित्त नाही, काचबिंदूचा झटका आहे, रात्री बारा वाजता असला तरी निघायचं. याउलट कधी डोळ्यात रक्ताचा लालभडक डाग दिसला, दुखत नाही, नजर चांगली आहे, तर तो दिसायलाच भयंकर असतो, दोन आठवड्यांत जातो, फक्त बीपी मोजून घ्या.

मधाबद्दल त्यांना दुखवू नका पण घालूही देऊ नका. मध, एरंडेल, गुलाबपाणी, दूध, तुरटीचं पाणी, कोथिंबिरीचा रस, गोमूत्र, हे सगळं मी लोकांच्या डोळ्यांत घातलेलं बघितलंय आणि ते धुऊन काढलंय. त्यात जंतू असतात आणि ओरखडा असलेल्या डोळ्यात ते सरळ आत जातात. त्यांना काही करायचंच असेल तर काशाच्या वाटीने नातवाच्या तळपायांना तूप चोळू दे, पोराला शांत झोप लागेल आणि आजीच्या हाताला काम मिळेल, त्यात काहीच वाईट नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण शेताघरात लहान मूल आहे म्हणून लिहिते. तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुड्या पोरांच्या हाती लागू देऊ नका. पुडी दाबून फोडताना चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. तसं कधी झालंच तर आधी नळाखाली डोळा धरा आणि किमान अर्धा तास पाणी सोडत राहा, पापणी उलटून आतले कण ओल्या कापसाने काढा, मग दवाखाना, हे उलट्या क्रमाने करू नका. आणि मुलाला सर्दी-ताप असताना एक पापणी टम्म सुजली, डोळा हलवताना दुखायला लागला किंवा पुढे आल्यासारखा दिसला तर त्याच दिवशी अ‍ॅडमिट करावं लागतं.

आता परत मिस्टरांकडे, कारण दवाखान्यातून आल्यावर खरं काम तुमचंच आहे. ज्याच्या त्याच्या बाटलीवर पेनाने नाव लिहा. थेंब घालताना खालची पापणी बोटाने ओढून जो खळगा होतो त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक कशालाही न टेकवता, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबायचा. दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर टाका आणि महिन्याने उरलं तरी फेकून द्या, पुढच्या वर्षी दिरांना लागेल म्हणून ठेवू नका. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधायची नाही. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत औषध थांबवायचं नाही आणि उसात जायचं नाही, नंतर जातील तेव्हा साधा पारदर्शक चष्मा घालून जाऊ दे. दर तासाचं औषध दिलं तर सुरुवातीला रात्रीही उठून घालावं लागेल, मोबाईलला अलार्म लावा आणि अर्धी रात्र तुम्ही, अर्धी रात्र दीर अशी वाटून घ्या.